‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कोणी, केव्हा आणि काय तपासले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकालांचा हंगाम आला की आपल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासेसची रांग लागते. ‘शासनमान्य’, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’, ‘आयएसओ प्रमाणित’ हे शब्द त्यांत असतातच. या जाहिराती वाचून पैसे भरणारे बहुतेक जण प्रौढ असतात. कोणाची बढती इंग्रजीपायी अडलेली असते, कोणी मुले मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधत असते, कोणी नर्स परदेशी जायच्या तयारीत असते. ‘मान्यता’ या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी क्लासच्या भिंतीवर चौकटीत लावलेले कागद पाहू. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीसुद्धा लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. लघुउद्योगांचे उद्यम प्रमाणपत्र स्वयंघोषणेवर मिळते. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र आहे. ते खरे असले आणि देणारी संस्था स्वतः अधिकृत असली, तरी संस्था आपली कामे ठरलेल्या पद्धतीने करते एवढेच त्यातून कळते. इंग्रजी कसे शिकवले जाते हे पाहायला वर्गात मागच्या बाकावर कोणी येऊन बसले होते, असे यांतला एकही कागद सांगत नाही.

असे बसून पाहण्याची पद्धत जगात आहे. तिचे सर्वांत तपशीलवार उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे ब्रिटिश कौन्सिल आणि ‘इंग्लिश यूके’ ही भाषाशाळांची संघटना मिळून ‘ॲक्रेडिटेशन यूके’ ही योजना चालवतात. योजना ऐच्छिक आहे आणि फक्त ब्रिटनमधल्या संस्थांसाठी आहे. म्हणजे नाशिक किंवा कोल्हापूरच्या क्लासच्या पाटीवर ‘ब्रिटिश कौन्सिलची मान्यता’ असे लिहिले असेल, तर ती ही मान्यता असूच शकत नाही. परदेशी जाणाऱ्यांच्या आयल्ट्स या इंग्रजी परीक्षेसाठी परीक्षार्थींची नोंदणी करून देणे ही वेगळी गोष्ट आहे, तिचा शिकवण्याच्या दर्जाशी संबंध नाही. शिवाय भारतातले आयल्ट्सचे काम २०२१ पासून ब्रिटिश कौन्सिलकडे नाही, ते आयडीपी या कंपनीकडे गेले आहे.

ब्रिटनमध्ये चार-पाच वर्गखोल्या, सहा-सात शिक्षक आणि साठ-सत्तर प्रौढ विद्यार्थी असलेल्या छोट्या शाळेची तपासणी कशी होते ते सांगतो. साधारणपणे दोन निरीक्षक येतात आणि दोनेक दिवस थांबतात. दोघेही या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेले असतात. व्यवस्थापन, जागा आणि साधने, अध्यापन आणि अध्ययन, विद्यार्थ्यांची काळजी व सोयी असे निकषांचे मुख्य विभाग आहेत. अठरा वर्षांखालील विद्यार्थी असतील तर त्यांच्या सुरक्षिततेचा विभाग वेगळा. निरीक्षक मालकाला आणि शैक्षणिक प्रमुखाला भेटतात, शिक्षकांशी वेगळे बोलतात, विद्यार्थ्यांच्या गटाशी शाळेचे कोणी हजर नसताना बोलतात. त्या दिवसांत वेळापत्रकावर असलेल्या प्रत्येक शिक्षकाचा वर्ग पाहतात. फक्त हुशार शिक्षक दाखवायचे आणि नवखे लपवायचे, ही सोय राहत नाही.

पण तपासणी शाळेच्या दारातून आत शिरण्याआधीच सुरू झालेली असते, कारण निरीक्षक पहिल्यांदा संकेतस्थळ आणि माहितीपत्रक वाचतात. छोट्या शाळा सर्वांत जास्त इथेच घसरतात. ‘आठवड्याला २० धडे’ असे लिहिलेले असते. धडा किती मिनिटांचा? ४५ मिनिटांचा असेल तर २० धडे म्हणजे ९०० मिनिटे, अर्थात १५ तास. वाचणाऱ्याने २० तास समजून पैसे भरलेले असतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये हा फरक ६० तासांचा होतो. म्हणून धड्याची मिनिटे स्पष्ट लिहावी लागतात. ‘छोटे वर्ग’ एवढे लिहून चालत नाही, एका वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी बसतील तो आकडा द्यावा लागतो. मग निरीक्षक हजेरीपत्रकात तो आकडा कधी ओलांडला गेला का ते पाहतात. किमान वय, कोर्सच्या तारखा, सुट्टीच्या दिवशी बुडालेला वर्ग भरून मिळणार की नाही, पुस्तकांचे आणि परीक्षेचे पैसे फीमध्ये धरले आहेत की वेगळे, कोर्स रद्द केला तर काय परत मिळेल, हे सगळे नोंदणीपूर्वी वाचता आले पाहिजे. आणि भाषा साधी हवी. ज्याला इंग्रजी शिकायचे आहे त्याच्यापुढे वकिली इंग्रजीत अटी ठेवणे हाच एक दोष मानला जातो.

आपल्याकडची ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’ ही जाहिरात या कसोटीवर ठेवून पाहा. युरोपात २००१ पासून भाषेच्या पातळ्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांनी मोजतात. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार अगदी सुरुवातीपासून ए२ पर्यंत पोहोचायला मार्गदर्शनाखालचे १८० ते २०० तास, बी१ पर्यंत ३५० ते ४०० आणि बी२ पर्यंत ५०० ते ६०० तास लागतात. रोज दोन तासांचा ३० दिवसांचा वर्ग ६० तासांचा होतो. एवढ्या वेळात माणसाची भीड चेपते, फोनवर चार वाक्ये बोलता येतात, आणि तेही मोलाचे आहे. पण एक पूर्ण पातळीसुद्धा चढून होत नाही. निरीक्षकाने माहितीपत्रकात असे वचन पाहिले, तर तो पहिल्यांदा त्याचा पुरावा मागेल.

त्यानंतर येतात शिक्षकांच्या फायली. प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यासाठी पदवी आणि शिवाय केंब्रिजचे सेल्टा किंवा ट्रिनिटी कॉलेजचे सर्टटीसॉल या शिक्षक-प्रमाणपत्रांच्या तोडीचे प्रशिक्षण, ही ब्रिटनमधली सर्वसाधारण अपेक्षा आहे. सेल्टामध्ये किमान १२० तासांचे प्रशिक्षण असते. त्यात प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवण्याचे ६ तास असतात आणि ते प्रशिक्षक मागे बसून पाहतो. त्याखेरीज अनुभवी शिक्षकांचे वर्ग ६ तास पाहायचे असतात. शिकवण्याचे ते ६ तास म्हणजे या प्रशिक्षणाचा प्राण. आजकाल ‘१२० तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र’ थोड्या पैशांत मिळते आणि आकडा सारखाच असल्याने अनेक जण फसतात. त्यात एकही जिवंत विद्यार्थी समोर बसलेला नसतो, म्हणून ते धरले जात नाही. शैक्षणिक प्रमुखाकडे डेल्टासारखी वरची पात्रता अपेक्षित असते. एखाद्या शिक्षकाकडे ठरलेली पात्रता नसेल तर शाळेला तो का ठेवला, त्याच्याकडे कोणते वर्ग दिले आणि त्याला कोण मदत करते याचा लेखी खुलासा द्यावा लागतो. अशा शिक्षकाला ठेवायला सरसकट बंदी नसते, पण ‘चांगला शिकवतो हो’ हा खुलासा होत नाही.

फाइलमध्ये प्रमाणपत्राची छायाप्रत असून भागत नाही. मूळ कागद कोणी, कोणत्या तारखेला पाहिला याची सही लागते. आधीच्या ठिकाणी विचारपूस केल्याची नोंद लागते, नोकरीतल्या रिकाम्या वर्षांचे स्पष्टीकरण लागते. छोट्या शाळेत मालक सांगतो, ‘मी ओळखतो ना त्याला.’ तो खरे बोलत असतो. पण मालक आजारी पडला किंवा त्याने शाळा विकली की ती ओळखही जाते, आणि फाइलमध्ये उरतो एक अस्पष्ट झेरॉक्स. छोट्या शाळांचा हा मूळ आजार आहे. सगळे एका माणसाच्या डोक्यात असते. नापास होणाऱ्या गोष्टींत इंग्रजी शिकवण्यातल्या चुका असतात तितक्याच न लिहून ठेवलेल्या गोष्टी असतात.

आता वर्गात जाऊ. निरीक्षक मागे बसतो, बोलत नाही. त्याच्या हातात त्या तासाचे टाचण आणि वर्गाची माहिती असते: कोण कुठल्या देशाचा, कोणत्या पातळीचा, कशासाठी शिकतो. तो शिक्षकाचे इंग्रजी किती झकास आहे ते मोजायला आलेला नसतो. विद्यार्थी काय करत आहेत ते पाहतो. एक साधा हिशेब करा. ६० मिनिटांचा तास, १२ विद्यार्थी. शिक्षक ३० मिनिटे स्वतः बोलला. उरलेल्या ३० मिनिटांत एकेकाला उभे करून बोलायला लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. तीच ३० मिनिटे जोड्या करून बोलायला दिली तर प्रत्येक जण साधारण १५ मिनिटे बोलतो. शिक्षक तोच, खोली तीच, फी तीच, पण बोलण्याचा सराव सहापट. आपल्याकडच्या ४० जणांच्या बॅचमध्ये एकेकाला उभे करण्याची पद्धत ठेवली तर माणशी ४५ सेकंद येतात. तीन महिने क्लास करूनही ‘समजते पण बोलता येत नाही’ असे लोक म्हणतात, त्यामागे अनेकदा हे ४५ सेकंद असतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे शिक्षक समजले की नाही ते कसे ताडून पाहतो. ‘समजले का?’ या प्रश्नाला प्रौढ माणूस हमखास मान डोलावतो, कारण चारचौघांत ‘नाही’ म्हणणे त्याला कमीपणाचे वाटते. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ हे वाक्य शिकवल्यावर चांगला शिक्षक विचारतो, ‘हा माणूस आता साताऱ्यात राहतो का?’ अर्धा वर्ग ‘हो’ म्हणाला तर लगेच कळते की वाक्य पाठ झाले, अर्थ पोहोचला नाही. तिसरी गोष्ट चुकांची. विद्यार्थी ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणाला की त्याला तिथेच तोडायचे, की पुढे बोलू द्यायचे? व्याकरणाचा नेमका तो मुद्दा चालू असेल तर तिथेच दुरुस्त करणे ठीक. तो आपला अनुभव सांगत असेल तर तोडू नये. शिक्षकाने चूक टिपून घ्यावी आणि शेवटच्या पाच मिनिटांत चार-पाच वाक्ये नाव न घेता फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यावीत. निरीक्षक उठताना फळ्याकडे एक नजर टाकतो. तासाभरात काय शिकवले ते फळ्यावरून नीट वाचता आले नाही तर विद्यार्थ्याच्या वहीत काय उतरले असेल?

पाहुणा आल्यामुळे एखादा दिवस सजवता येतो, हे निरीक्षकांनाही माहीत असते. म्हणून ते वर्गातल्या दोन-तीन जणांच्या वह्या आणि मागच्या काही आठवड्यांची शिकवल्याची नोंद चाळतात. शिक्षकांच्या वर्गांचे शाळेने स्वतः केलेले निरीक्षण मागतात: कोणी पाहिले, काय सुचवले, पुढच्या वेळी ते सुधारले का. इथे छोट्या शाळेची खरी ओढाताण दिसते. शैक्षणिक प्रमुखच आठवड्याला २५ तास शिकवत असेल तर तो दुसऱ्याचा वर्ग केव्हा पाहणार? एक वर्ग पाहायचा म्हणजे आधी अर्धा तास टाचणावर बोलणे, तासभर पाहणे, नंतर अर्धा तास चर्चा. सहा शिक्षकांचे बारा तास झाले. हे बारा तास वेळापत्रकात आधीच राखून ठेवलेले नसतील तर ते कधीच सापडत नाहीत. मग तपासणीच्या आधीच्या आठवड्यात सहाही अहवाल एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेले दिसतात. अनुभवी डोळ्याला ते लगेच कळते.

प्रवेशाच्या वेळच्या चाचणीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. पर्याय निवडायच्या ४० व्याकरणाच्या प्रश्नांची चाचणी घेणे सोपे असते, दहा मिनिटांत तपासून होते. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस त्यात ३२ गुण सहज मिळवतो, कारण शाळेत काळ आणि प्रयोग घोटून घेतलेले असतात. त्याला बी१ च्या वर्गात बसवतात आणि तिथे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. उलट हॉटेलात किंवा जहाजावर चार वर्षे काम केलेला माणूस बोलतो भराभर, पण चाचणीत १४ गुण मिळवून ‘माझे नाव अमुक’ शिकणाऱ्यांच्या वर्गात जाऊन बसतो. दोघेही महिनाभरात क्लास सोडतात आणि दोष स्वतःला देतात. म्हणून चाचणीत पाच ते दहा मिनिटांचे समोरासमोर बोलणे आणि सहा-सात ओळींचे लेखन असलेच पाहिजे. ब्रिटनमधल्या शाळांत दर सोमवारी नवे विद्यार्थी येत असतात, तेव्हा चालू वर्गात नवा माणूस कसा सामावून घेणार, आधी शिकवलेले त्याला कसे मिळणार आणि वरच्या पातळीवर कोणाला केव्हा नेणार, हे लिहून ठेवलेले लागते. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका म्हणजे अभ्यासक्रम, हे उत्तर पुरत नाही.

जागेविषयी निकष साधे आहेत: एका वर्गाचा आवाज दुसऱ्यात येऊ नये, हवा खेळती असावी, फळा सगळ्यांना दिसावा, मधल्या सुट्टीत बसायला कोपरा असावा. आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता मात्र पाय मोजून पाहतात. दार आतून किल्लीशिवाय उघडते का, जिन्यात जुन्या खुर्च्या रचल्या आहेत का, सरावाची तारीख आणि इमारत रिकामी व्हायला लागलेला वेळ नोंदवला आहे का. मे २०१९ मध्ये सुरतच्या एका व्यापारी संकुलात वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुले-मुली आगीमुळे दगावली. त्यामुळे याकडे उपचार म्हणून पाहता येणार नाही. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचे असते. भाड्याच्या गाळ्यात क्लास चालवणाऱ्याने ते मालकाकडे किंवा सोसायटीकडे मागावे आणि विद्यार्थ्याने क्लासकडे मागावे.

प्रौढांच्या शाळेतला एक सापळा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माहितीपत्रकावर ‘वय १६ पासून पुढे’ लिहिले आणि सोळा-सतरा वर्षांचा एक जरी विद्यार्थी आला, तरी अठराखालच्यांच्या सुरक्षिततेचे निकष लागू होतात. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, पालकांची लेखी संमती, वर्गाबाहेरच्या वेळेचे नियम, मूल गैरहजर राहिले तर किती वेळात कोणाला फोन करायचा, हे सगळे. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी किमान वय १८ ठेवावे, हाच प्रामाणिक मार्ग. आपल्याकडे संध्याकाळच्या इंग्रजीच्या बॅचमध्ये चाळिशीचे गृहस्थ आणि अकरावीतली मुलगी शेजारी बसलेली असतात आणि याचा विचार कोणीच केलेला नसतो.

घरगुती मुक्कामाचे, म्हणजे विद्यार्थी तिथल्या कुटुंबात राहतो त्याचे, निकष इथल्या बहुतेक वाचकांच्या कामाचे नाहीत. ज्यांची मुले तिकडे जाणार आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मान्यताप्राप्त शाळेने यजमानाचे घर विद्यार्थी पाठवण्याआधी स्वतः जाऊन पाहिलेले असले पाहिजे, आणि रात्रीबेरात्री उचलला जाईल असा फोन नंबर विद्यार्थ्याकडे लेखी असला पाहिजे.

दोन दिवस संपले की निरीक्षक व्यवस्थापनाला तोंडी निष्कर्ष सांगतात, पण मान्यतेचा निर्णय ते देत नाहीत. त्यांचा अहवाल सल्लागार समितीपुढे जातो. दर निकषापुढे ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’ किंवा ‘विशेष चांगले’ असा शेरा असतो. काही निकष अपूर्ण असले तरी मान्यता मिळू शकते, मात्र दुरुस्तीचे पुरावे द्यावे लागतात. गंभीर दोष असतील तर मान्यता रोखली किंवा काढून घेतली जाते. पूर्ण तपासणी चार वर्षांनी पुन्हा होते आणि मधल्या काळात न सांगता अचानक भेट होऊ शकते. अहवाल कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो, आणि माझ्या मते सगळ्या योजनेची ताकद यातच आहे. शाळेला आपले अपूर्ण शेरे लपवता येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या तरुणांचा या अहवालांशी थेट संबंध येतो. ब्रिटनमध्ये इंग्रजीचा सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स पर्यटक व्हिसावर करता येतो आणि ६ ते ११ महिन्यांचा कोर्स १६ वर्षांवरील व्यक्तींना अल्पकालीन अभ्यास व्हिसावर. दोन्हीसाठी संस्था मान्यताप्राप्त असावी लागते आणि दोन्हींवर नोकरी करता येत नाही. ‘कोर्स करता करता काम मिळेल’ असे सांगणारा एजंट इथेच खोटा ठरतो. व्हिसासाठी ग्राह्य धरलेल्या मान्यता-संस्था एकाहून अधिक आहेत, तेव्हा पैसे पाठवण्याआधी एजंटाला विचारावे: मान्यता कोणाची, शेवटची तपासणी कोणत्या साली, अहवाल कुठे आहे? ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी आणखी दोन आकडे लक्षात ठेवावेत. तिथल्या २०१८ च्या मानकांनुसार परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात १८ पेक्षा जास्त विद्यार्थी बसवता येत नाहीत आणि आठवड्याला किमान २० तास प्रत्यक्ष वर्ग द्यावा लागतो. अमेरिकेनेही २०१० च्या कायद्याने विद्यार्थी व्हिसावरच्या इंग्रजी कोर्सना अधिस्वीकृती सक्तीची केली.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या, शालेय-महाविद्यालयीन अभ्यास आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. ३० प्रौढांचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग त्यांच्या जाळ्यातून अलगद सुटतो. तरी त्यातल्या दोन गोष्टी कोणत्याही छोट्या क्लासने आपणहून पाळण्यासारख्या आहेत: माणशी किमान १ चौरस मीटर जागा, आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या दिवसांची फी १० दिवसांत परत.

फीचा मुद्दा किरकोळ समजू नये. आयर्लंडमध्ये २०१४-१५ च्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारी अनेक खासगी कॉलेजे एकामागून एक बंद पडली आणि वर्षाची फी आगाऊ भरलेले विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यानंतर तिथे विद्यार्थ्यांच्या पैशांना संरक्षण देण्याचे नियम कडक झाले. आपल्याकडे सहा महिन्यांची फी एकरकमी भरली तर सवलत देतात. विद्यार्थ्याने महिन्याचा हप्ता मागावा आणि पावतीवर एकूण तास लिहून घ्यावेत. क्लास बंद पडला किंवा जाहिरातीतले वचन पाळले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पण तिथे तोंडी वचन सिद्ध करणे कठीण असते. तासांचा आकडा असलेली पावती कामाला येते.

सरकारने लगेच आणखी एक परवाना काढावा असे मी म्हणणार नाही. परवान्याने शुल्क वाढते, वर्गात कोणी येऊन बसत नाही. पुण्यासारख्या शहरात प्रशिक्षित इंग्रजी शिक्षकांची कमी नाही. दहा-बारा क्लासेसनी एकत्र यावे, वर्षातून एकदा एकमेकांकडे दोन शिक्षक पाठवावेत, सगळे वर्ग पाहावेत, जाहिरात आणि हजेरीपत्रक ताडून पाहावे, विद्यार्थ्यांशी एकांतात बोलावे आणि दोन पानांचा मराठी अहवाल क्लासच्या दारावर लावावा. ज्याने ज्याला तपासले त्याने त्याच वर्षी उलट तपासायला जायचे नाही, एवढे पथ्य पाळावे, नाहीतर शेरे देवाणघेवाणीचे होतात. खर्च दोन शिक्षकांच्या दोन दिवसांच्या मानधनाचा.

आणि संपादक महोदय, एक गोष्ट आपल्या हातात आहे. इंग्रजी संभाषणाच्या क्लासची जाहिरात स्वीकारताना चार ओळी सक्तीच्या करा: कोर्सचे एकूण तास, वर्गातली कमाल विद्यार्थिसंख्या, शिक्षकाने घेतलेले प्रशिक्षण आणि फी-परतीचा नियम. आणि ज्या जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द असेल, तिच्यात मान्यता देणाऱ्याचे नाव आणि तपासणीचे वर्ष छापल्याशिवाय तो शब्द छापू नका.

आपला,
प्रौढांच्या इंग्रजी वर्गांसाठी शिक्षक घडवणारा एक प्रशिक्षक, पुणे